उत्तर येण्याआधी

(शिक्षकांसाठीच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांचे बरेच विद्यार्थी आज या सभागृहात आहेत. ते सांगतात की प्रश्न विचारला की गुरुजी खिडकीशी जाऊन उभे राहत आणि कोणीतरी तोंड उघडेपर्यंत मागे वळून बघत नसत. मला त्यांचा सहवास लाभला नाही. पण व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा ही गोष्ट डोक्यात होती, आणि विषयही तिथूनच निघाला.

वर्गातल्या यंत्रांचे दोन प्रकार असतात, असं प्रशिक्षणांमध्ये सांगतात. काही यंत्रांसमोर मूल नुसतं बसतं: रेडिओ, टीव्ही, प्रोजेक्टरवर लावलेला व्हिडिओ. काहींशी ते काहीतरी करतं: टॅब, संगणकावरचे खेळ, बोट लावलं की हलणारा फळा. पहिली जुनी आणि कमअस्सल, दुसरी नवी आणि अस्सल. भेद खरा आहे, महत्त्वाचाही आहे. फक्त तो खोक्यावर काय छापलंय ते वाचून ठरवता येत नाही. उत्तर समोर येण्याआधी मुलाला स्वतःचं उत्तर द्यावं लागतं की नाही, हे बघून ठरवावा लागतो. आज मला एवढंच सांगायचंय. बाकी सगळं त्याचा पुरावा आहे, आणि काही ठिकाणी त्यातल्या अडचणी.

यंत्र आलं की शाळा बदलणार, ही भविष्यवाणी शंभर वर्षांहून जुनी आहे. थॉमस एडिसनने १९१३ मध्येच सांगून टाकलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं चलच्चित्रातून शिकवलं जाईल आणि दहा वर्षांत शाळा ओळखू येणार नाहीत. माणूस मोठा होता, शिवाय त्याला फिल्म विकायच्या होत्या. पुढे रेडिओबद्दल हेच बोललं गेलं, टीव्हीबद्दलही. पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआ या छोट्या बेटांवर तर १९६४ पासून टीव्हीलाच मुख्य शिक्षक केलं. धडा स्टुडिओतून यायचा, वर्गातल्या शिक्षकाने आधी-नंतर थोडं बोलायचं. लहान वर्गांमध्ये ते काही काळ निभावलं. वरच्या वर्गातली मुलं आणि त्यांचे शिक्षक मात्र कंटाळले, आणि दशकभरात टीव्ही मुख्य जागेवरून उतरून पूरक जागी जाऊन बसला.

आपल्याकडचा प्रयोग जास्त विचारी होता, असं माझं मत आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून ‘इस्रो’ने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट टीव्ही पोचवला. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. कल्पना विक्रम साराभाईंची, ती उभी राहिली ते बघायला ते नव्हते. ‘इस्रो’च्या अहमदाबाद केंद्राची धुरा यश पाल यांच्याकडे होती. छपरांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तबकड्या होत्या. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी. माझ्या दृष्टीने त्यातला सर्वात शिकण्यासारखा भाग मुलांच्या कार्यक्रमांचा नव्हताच. सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण त्या वर्षात दिलं गेलं, आणि तिथे टीव्ही एकटा सोडलेला नव्हता. कार्यक्रम बघायचा, मग दिलेल्या साहित्याने तोच प्रयोग स्वतः करायचा, अडलं तर तिथे बसलेल्या मार्गदर्शकाला विचारायचं. माध्यम एकतर्फीच होतं, बसण्याची पद्धत एकतर्फी नव्हती.

त्याच ओघात, इन्सॅट उपग्रहांच्या काळात, पुण्यात १९८४ साली शाळकरी मुलांसाठी टीव्ही कार्यक्रम बनवणारी ‘बालचित्रवाणी’ ही संस्था सुरू झाली. इथल्या चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांच्या चेहऱ्यावर आत्ताच हसू आलंय, म्हणजे शीर्षकगीत आठवलंय. २०१७ मध्ये संस्था बंद झाली तेव्हा हळहळ पुष्कळ झाली. कार्यक्रम चांगले होते. पण टीव्ही असलेल्या शाळा थोड्या, प्रक्षेपणाची वेळ आणि तासिकेची वेळ क्वचित जुळायची, आणि जुळली तरी कार्यक्रम सुरू असताना शिक्षकाला तो थांबवता येत नव्हता. हा शेवटचा मुद्दा लक्षात असू द्या. यश पाल यांनी दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञान कार्यक्रमात मात्र या एकतर्फीपणावर साधी तोड काढली: प्रेक्षकांनी पत्राने प्रश्न पाठवायचे आणि ते उत्तर द्यायचे. पोस्टाच्या वेगाने का होईना, प्रश्न आधी बघणाऱ्याचा होता.

थांबवता न येणाऱ्या माध्यमात थांबा आधीच पेरून ठेवला तर? हे एका गरीब देशाने करून दाखवलं. १९७४ पासून मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मदतीने, प्राथमिक शाळांना रेडिओवरून गणित शिकवलं गेलं. रेडिओ म्हणजे ऐकायचं यंत्र; त्याहून एकतर्फी काय असणार? पण या पाठांची संहिता वेगळी होती. रेडिओवरचं पात्र विचारायचं, ‘सात आणि पाच किती?’ आणि गप्प बसायचं. काही सेकंद नुसती शांतता. वर्गातली मुलं मोठ्याने उत्तर द्यायची, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा आणि पुढे जायचा. कधी मुलांनी उठून उभं राहायचं, कधी वहीत लिहायचं, कधी खडे मोजायचे. ती शांतता किती सेकंदांची हवी, हे आधी खऱ्या वर्गांत पाठ ऐकवून, मुलांकडे बघून ठरवलेलं होतं. १९८१ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही वर्गांना रेडिओचे पाठ दिले होते, काहींना नवी पाठ्यपुस्तकं, काहींना दोन्हींतलं काहीच नाही. पाठ्यपुस्तकांचा फायदा झालाच. रेडिओचा त्याहून बराच जास्त झाला. यंत्रात मुलाचं ऐकण्याची कुठलीही सोय नव्हती. मुलगा चुकला तरी रेडिओला ते कळणार नव्हतं. तरीही मुलाने आपलं उत्तर आधी दिलेलं असायचं, आणि मग खरं उत्तर त्याच्या उत्तरावर येऊन पडायचं.

आता दुसऱ्या टोकाला, हार्वर्ड विद्यापीठात जाऊ. एरिक मेझूर तिथे भौतिकशास्त्र शिकवत. विद्यार्थी खूष, परीक्षेतले गुण उत्तम. १९९० च्या सुमाराला त्यांनी बलाच्या अगदी मूलभूत कल्पना तपासणारी, आकडेमोड नसलेली एक चाचणी आपल्याच विद्यार्थ्यांना दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला एरवी वाटतं तशी? निकाल प्रश्नाला साजेसाच लागला. मेझूर यांनी शिकवण्याची रीत बदलली. थोडं बोलायचं, पर्याय असलेला एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं, मग पुन्हा नोंदवायचं. अशा पद्धतींचा हिशेब रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये मांडला: ६२ अभ्यासक्रम, साडेसहा हजारांवर विद्यार्थी. सुरुवातीला जेवढं येत नव्हतं त्यातलं शेवटी किती यायला लागलं, हे त्यांनी मोजलं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के, देवाणघेवाणीच्या वर्गांत ४८ टक्के. (हे मी व्याख्यान देऊनच सांगतोय, याची मला जाणीव आहे.)

मेझूर यांच्याच गटाने २००४ साली आणखी एक अभ्यास केला. तो मला या सगळ्यात सर्वात मोलाचा वाटतो, कारण तो थेट आपल्या पडद्यापर्यंत येतो. वर्गात प्रयोग करून दाखवणं आपण कायम चांगलंच मानत आलो. त्यांनी वर्गाच्या वेगवेगळ्या गटांत तेच प्रयोग वेगवेगळ्या तऱ्हेने केले. एका गटाला प्रयोग दाखवलाच नाही. दुसऱ्याने नुसता पाहिला. तिसऱ्याने आधी काय होईल ते नोंदवलं, मग पाहिला. चौथ्याने नोंदवलं, पाहिला आणि चर्चा केली. सत्र संपताना विचारलं की अशा परिस्थितीत काय होईल, आणि का. नुसता पाहिलेल्यांचं ‘का’ हे प्रयोग मुळीच न पाहिलेल्यांपेक्षा फारसं बरं नव्हतं. डोळ्यांदेखत घडलेला प्रयोग! आधी नोंदवणाऱ्यांचं मात्र स्पष्ट सुधारलेलं होतं. आणि त्या नोंदवण्याला वेळ किती लागला? प्रयोगामागे साधारण दोन मिनिटं.

माणूस पाहतो तेव्हा आधीच्या समजुतीला जुळेल तेवढंच पाहतो, बाकीचं गळून जातं. आधी उत्तर देऊन ठेवलं असेल तर ते गळू देता येत नाही. वहीत ‘अ’ लिहिलंय आणि समोर ‘ब’ घडलंय. आता या ‘अ’चं काय करू, हा प्रश्न उरतोच.

हे आपल्या वर्गात कसं दिसतं ते एका पाठावरून सांगतो. विजेचं परिपथ. एक सेल, दोन सारखे दिवे, एकापाठोपाठ एक जोडलेले. कुठला जास्त उजळेल? बऱ्याच मुलांच्या मनात वीज सेलमधून निघते, पहिल्या दिव्यात थोडी खर्च होते आणि उरलेली दुसऱ्याला मिळते. म्हणून पहिला उजळ, दुसरा मंद. समजूत चुकीची आहे, पण वेडगळ नाही. रॉकेल तसंच संपतं, मोबाइलचा डेटाही.

आता याच विषयावरचा व्हिडिओ लावा. चित्र सुंदर, निवेदन मराठीत, तारेतून निळे ठिपके वाहतायत, प्रवाह सगळीकडे सारखा असतो असं सांगणारा गोड आवाज. मुलं मान डोलावतात. नंतर विचारा, ‘प्रवाह सगळीकडे कसा असतो?’ सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, ‘सारखा!’ आणि त्याच वर्गाला दोन दिव्यांचं चित्र काढून कुठला उजळ म्हणून विचारा. निम्मा वर्ग पहिल्याकडे बोट दाखवतो. वाक्य आलं, समजूत जिथल्या तिथे.

हाच पाठ संगणकावरच्या आभासी परिपथाने घेता येतो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशन फुकट मिळतात आणि काही मराठीतही आहेत. मूल स्वतः तार ओढतं, दिवा जोडतं, सेल उलटा करून बघतं, आणि खऱ्या तारेत जे कधीच दिसत नाही ते, म्हणजे वाहणारा प्रवाह, त्याला इथे दिसतो. २००५ मध्ये त्याच विद्यापीठातल्या एका अभ्यासात आभासी परिपथांवर काम केलेले विद्यार्थी खऱ्या तारा-दिव्यांवर काम केलेल्यांपेक्षा संकल्पनांमध्ये सरस ठरले. इतकंच नाही तर नंतर खरा परिपथ जोडण्यातही ते मागे पडले नाहीत, पुढेच होते. हाताने केलेलंच खरं, असं मानणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून जे उभं केलं त्यावर माझी आजही तितकीच श्रद्धा आहे. पण तारेतला प्रवाह व्हॉल्व्हट्यूबने दाखवता येत नाही, हेही कबूल करायला हवं.

तरी सिम्युलेशन उघडून दिलं म्हणजे पाठ झाला असंही नाही. पाच मुलांत एक लॅपटॉप असेल तर माऊस एकाच्या हातात असतो, आणि तो कोणाच्या हातात असतो हे वर्गावर गेलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. बाकीचे चौघे टीव्ही बघत असतात. माऊस धरलेला मुलगाही बऱ्याचदा शंभर सेल जोडून दिवा पेटवून देण्यात रमतो. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. लॅपटॉप उघडण्याआधी पाचही जणांनी पाटीवर लिहायचं, कुठला दिवा उजळ. पाट्या एकदम वर करायच्या. मग ज्यांचं उत्तर वेगळं आहे त्यांनी एकमेकांशी भांडायचं, आणि मगच जोडून बघायचं. वर्गात गोंगाट होतो. होऊ द्यावा.

मिशेलिन ची या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ संशोधकेने शिकणाऱ्या मुलाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. नुसतं ऐकणं-बघणं ही पहिली. हाताने काहीतरी करणं, अधोरेखित करणं, बटण दाबणं, व्हिडिओ मागे-पुढे नेणं ही दुसरी. समोर नव्हतं असं काहीतरी स्वतः तयार करणं, भाकीत, कारण, प्रश्न, आकृती, ही तिसरी. आणि दुसऱ्या कुणाच्या म्हणण्यावर आपलं म्हणणं रचत जाणं ही चौथी. तिलाच त्या संवादी म्हणतात. या क्रमाने शिकणं वाढत जातं असं त्या आणि रूथ वायली यांनी २०१४ मध्ये मांडलं. बटण दाबणं यात कुठे आहे बघा. चारात दुसरं, खालून. आपण ज्याला संवादी साधन म्हणून विकत घेतो त्याचा बहुतेक वापर तिथेच अडकलेला असतो.

महाराष्ट्रातल्या डिजिटल शाळांकडे मी याच नजरेने बघतो. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गेलं. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला आणि शाळा डिजिटल करण्याची लाट उठली. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, टॅब आले, मग मोठे पॅनेल आले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड आणले. २०२० सालचं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. गावाने मजुरीतून वाचवलेले पैसे शाळेच्या पडद्यासाठी देणं ही साधी गोष्ट नाही. तिची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. उलट ज्यांनी पैसे दिले त्यांना त्याचं मोल मिळावं म्हणूनच हे बोलतोय.

कारण पुष्कळ वर्गांत मी बघितलेलं चित्र असं असतं. भिंतीवर भलं मोठं स्पर्शपॅनेल. विक्रेत्याने प्रात्यक्षिकात दाखवलेलं सगळं त्यात आहे. सर किंवा मॅडम त्याला बोट लावतात, चित्र मोठं करतात, फिरवतात. कधी एखाद्या हुशार मुलाला बोलावून बोट लावायला देतात. चाळीस मुलं मांडी घालून बघत बसलेली. पॅनेलशी संवाद चाललाय तो शिक्षकांचा. शेजारच्या वर्गात खडू-फळ्यावर बाई विचारतायत, ‘कोणाला वेगळं वाटतं?’ आणि दोन मुली तावातावाने बोलतायत. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या तक्त्यात पहिला वर्ग डिजिटल आणि दुसरा नाही.

टॅबवरचे स्वाध्याय हा आणखी एक सापळा. चार पर्याय, चुकलं की ‘पुन्हा प्रयत्न करा’. मूल तिसऱ्या मिनिटाला ओळखतं की विचार करण्यापेक्षा अंदाजपंचे दाहोदरसे चारही दाबून बघणं जलद आहे. टाळ्यांचा आवाज येतो, तारे जमा होतात, अहवालात प्रश्न ‘पूर्ण’ दिसतो. ज्या स्वाध्यायात पहिलं उत्तर नोंदलं जात नाही आणि का चुकलं याची विचारणा होत नाही, तो स्वाध्याय घेऊ नये असं माझं सरळ मत आहे, मग तो कितीही रंगीत असो.

मग संगणक काहीच करू शकत नाही का? करू शकतो, आणि त्याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियन यांनी ‘माइंडस्पार्क’ नावाच्या संगणकीय शिकवणीचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी शाळांतली सहावी ते नववीची मुलं, शाळेव्यतिरिक्त वेळ, साडेचार महिने. गणितात आणि हिंदीत दोन्हीकडे लक्षणीय प्रगती. यामागचं कारण महत्त्वाचं आहे. सुरुवातीच्या चाचणीत दिसलं की सहावीचं सरासरी मूल गणितात इयत्तेच्या अडीच वर्षं मागे आहे आणि नववीचं साडेचार वर्षं. शिक्षक नववीचं पुस्तक शिकवतोय आणि मूल पाचवीत अडकलंय. संगणक मुलाच्या उत्तरांवरून ते कुठे आहे हे शोधत होता आणि तिथला प्रश्न देत होता. म्हणजे इथेही आधी मुलाचं उत्तर, मग यंत्राची चाल. चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे जमणं महाकठीण, म्हणून तिथे यंत्राची जागा आहे.

पण जागा चुकली तर तेच यंत्र नुकसान करतं. बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या कार्यक्रमात मुलं आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, गणिताचे खेळ खेळत, आणि गणित चांगलंच सुधारलं. त्याच गुजरातमध्ये ‘ग्यानशाळा’ या संस्थेच्या शाळांत संशोधक ली लिंडेन यांनी संगणक दोन तऱ्हांनी आणून बघितला. शाळा सुटल्यावर जोड म्हणून दिला तेव्हा फायदा झाला; शाळेच्या वेळात, शिक्षकाच्या तासाऐवजी दिला तेव्हा मुलं मागे पडली. ग्यानशाळेचे शिक्षक आधीच नीट शिकवत होते. यंत्राने रिकामी जागा भरली नाही, भरलेली रिकामी केली.

आणि नुसतं यंत्र मुलाच्या हातात देऊन बाजूला होणं? तेही झालंय. एका मुलाला एक लॅपटॉप या जागतिक मोहिमेचा एक छोटा प्रयोग २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावी एकशिक्षकी शाळेत झाला होता. मोठ्या प्रमाणावर तो पेरू देशाने केला, लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला तेव्हा गणित आणि भाषा यांत फरक दिसला नाही. लॅपटॉप वाईट नव्हता. त्यात हवं ते करायला मुलं मोकळी होती, आणि काय करायचं हे विचारणारं कोणी नव्हतं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात आपल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं दिसतं, त्यांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासाचं काही केलेली ५७ टक्के, समाजमाध्यमं बघितलेली ७६ टक्के. फोन हे आजच्या घरातलं सर्वात संवादी यंत्र आहे, यात कुणाला शंका असेल असं वाटत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. गप्प बसून ऐकणं एवढं वाईट आहे का? नाही. विषय अगदी नवा असताना मुलाला ‘शोधून काढ’ म्हणून सोडून देणं क्रूरपणाचं असतं. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये याच मुद्द्यावर खडसावून लिहिलं: नवख्याला आधी नीट समजावून सांगावं, सोडवलेली उदाहरणं दाखवावीत, डोक्यावरचा भार कमी करावा. मला ते पटतं. गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून प्रश्न विचारणारा शिक्षक रसभंग करतो. आणि आपल्या परंपरेत तर ऐकणाऱ्यालाही काम असतंच. कीर्तनात बुवा अभंगाचं चरण अर्ध्यावर सोडतात आणि मांडव ते पुरं करतो. पूर्वरंगात घातलेला प्रश्न उत्तररंगातल्या आख्यानापर्यंत श्रोत्याच्या डोक्यात घोळत ठेवतात. श्रोता जागचा हललेला नसतो, रिकामाही नसतो. सांगणं वाईट नाही. सांगण्यात मुलासाठी मोकळी जागाच न ठेवणं वाईट.

म्हणून व्हिडिओ टाकून द्या असं मी म्हणणार नाही. आज बालचित्रवाणीच्या काळासारखी अडचण नाही. व्हिडिओ थांबवता येतो. पवईच्या आयआयटीत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी व्हिडिओ असेच रचले: निवेदक प्रश्न विचारतो, पडद्यावर थांबायची खूण येते, शिकणाऱ्याने वही उघडून उत्तर लिहायचं आणि मगच पुढे जायचं. शाळेतल्या शिक्षकाला यासाठी नवं काही विकत घ्यायचं नाही. घरी व्हिडिओ एकदा बघून घ्यावा आणि उत्तर यायच्या आधीचा क्षण हेरून त्याची वेळ पाठ टाचणात लिहून ठेवावी. वर्गात नेमकं तिथे थांबवावं. मुलांनी पाटी वर करावी. चारही कडांना वेगळी अक्षरं असलेली छापील कार्डं मुलांना देऊन शिक्षकाच्या एकाच फोनने सगळ्या वर्गाची उत्तरं टिपण्याची ‘प्लिकर्स’ नावाची सोयही आहे, आपल्याकडचे काही शिक्षक ती वापरतातही. आणि मेझूर यांच्या पद्धतीत महागडे क्लिकर, म्हणजे उत्तर नोंदवायची बटणाची यंत्रं, वापरले काय किंवा रंगीत कार्डं वापरली काय, शिकण्यात फरक पडत नाही, असा अभ्यास २००८ मध्येच झालेला आहे. क्लिकरने शिक्षकाचं मोजण्याचं काम सोपं होतं, एवढाच लाभ.

शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य इथे असतील तर त्यांना एक सुचवतो. विक्रेता प्रात्यक्षिक द्यायला आला की त्याला शिक्षकासमोर नको, पाचवीच्या चाळीस मुलांसमोर द्यायला सांगा. आणि पाठाच्या दहा मिनिटांत किती मुलांनी स्वतःचं उत्तर नोंदवलं एवढंच मोजा. ठराव नंतर करा.

राहता राहिली एक अडचण, आणि तिच्यावर माझ्याकडे पूर्ण उपाय नाही. लुई डेलॉरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास असा: एका गटाला उत्तम वक्त्याने ओघवतं व्याख्यान दिलं, दुसरा गट तोच मजकूर स्वतः सोडवत, एकमेकांशी झगडत शिकला. मग आशय बदलून गट उलटे केले. झगडत शिकलेल्यांना चाचणीत जास्त गुण पडले. पण ‘आज किती शिकलात असं वाटतं?’ या प्रश्नावर ओघवतं व्याख्यान ऐकलेल्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. ऐकताना सगळं सोपं वाटतं, आणि सोपं वाटणं म्हणजेच कळणं असं वाटतं. झगडताना आपलं अडणं क्षणोक्षणी जाणवतं.

याचा अर्थ मुलांना, पालकांना, आणि ॲपला तारे देणाऱ्या सगळ्यांना गुळगुळीत व्हिडिओच आवडणार. ज्या वर्गात मूल अडखळतं, चुकतं, शेजाऱ्याशी भांडतं, तिथून ते घरी जाऊन ‘आज बाईंनी काही शिकवलंच नाही, आम्हालाच करायला लावलं’ म्हणून सांगणार. पालकसभेत ही तक्रार येतेच. त्या संशोधकांनी सुचवलंय की हा सगळा प्रकार विद्यार्थ्यांना सत्राच्या सुरुवातीलाच उघडपणे समजावून सांगावा. आपल्याकडे ते पालकांनाही सांगावं लागेल, जूनच्या पहिल्या सभेत, आणि सांगणाऱ्या बाईंच्या पाठीशी मुख्याध्यापकांनी त्याच सभेत उभं राहावं लागेल. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे असं कार्यवाहांनी मला आधीच बजावलंय, तेव्हा मी इथेच थांबतो.